पालथी टोपली

सागवानाच्या एका रानात लोकशाही होती. दर पावसाळा सरला की पिंपळाखाली वेताची टोपली ठेवायची. आहे तोच राजा हवा असेल, त्याने तीत हिरडा टाकायचा. नको असेल, त्याने बेहडा. रीत पश्चिमेच्या डोंगरांपलीकडून आलेली. ती नीट ठाऊक होती फक्त कासवआबांना. आबा रानाचे इतिहासकार. रोज सकाळी तळ्याकाठी पिल्लांना शिकवत. कुणाला कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगत. घाई त्यांच्या जातीतच नव्हती.

एकदा लांडगे चालून आले. राजा तरसोजी धापा टाकत तळ्याकाठी आला.

"आबा, लढाईत मतं घेत नाहीत, असं पश्चिमेकडं काही आहे का हो?"

"आहे. लढाई संपेपर्यंत टोपली पालथी घालतात. तिकडच्या एका म्हाताऱ्या गव्याने अशीच घातली, लढाई जिंकली, आणि मग स्वतःच्या शिंगांनी ती..."

"बास, बास! परंपरा म्हणजे परंपरा!" तरसोजी पळालासुद्धा.

टोपली पालथी झाली. आठ दिवसांत लांडगे पळाले. टोपली मात्र तशीच.

आबांना चैन पडेना. दाखला त्यांनीच दिला होता, आणि तोही अर्धा. उरलेला अर्धा पोचवायला ते निघाले. तिसऱ्या दिवशी पिंपळाखाली पोचले. तरसोजी टोपलीवर बसला होता.

"महाराज, गव्याने टोपली स्वतः सरळ केली. ती बेहड्यांनी भरली. तो मुकाट्याने चरायला गेला."

"लढाई जिंकून हरला?" तरसोजी हादरला. "काय चुकलं बिचाऱ्याचं?"

"काहीच नाही."

"चुकलं, आबा. त्यानं लढाई संपू दिली."

दुसऱ्या दिवशी फौज कड्यावर गेली. सेनापती कोल्हा दरीकडे तोंड करून गरजला, "विजय आमचाच!"

पलीकडून आवाज आला, "विजय आमचाच!"

"बघा, किती माजलेत! कोण रे तू?"

"कोण रे तू?"

"वर तोंड करून मलाच विचारतोय!"

नवी लढाई जाहीर झाली. मोहाच्या फुलांची कोठारं फौजेसाठी उघडली. फौजेत बहुतेक राजाचे मेहुणेच होते. ते इतकं लढले की महिनाभरात कोठारात फक्त देठ उरले.

आबा म्हणाले, "महाराज, तो आपलाच आवाज आहे. एक दिवस सगळ्यांनी गप्प बसा, शत्रूही गप्प बसेल."

सगळं रान एक दिवस गप्प बसलं. दरीतून चकार शब्द आला नाही. सशाचं पिल्लू आनंदाने बेहडा शोधायला धावलं.

तेवढ्यात तरसोजी टोपलीवर उभा राहिला. "बंधूंनो, ऐकलंत? काही म्हणजे काही ऐकू येत नाही! केवढा मोठा कट शिजत असेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दरीतूनही झाला. शत्रूची तयारी सगळ्यांनी कानांनी ऐकली.

आबांनी मग टोपलीच्या काठाखाली मान घातली आणि रेटू लागले. टोपली बोटभर उचलली गेली. मेहुण्यांनी वर बसून ती दाबली.

आबांना शिक्षा झाली नाही. तरसोजी शिक्षकांचा मान राखणारा होता. त्याने एवढंच केलं: मतदानाचा धडा नागरिकशास्त्रातून काढून इतिहासात घातला. इतिहास आबांकडेच होता.

सकाळी आबांनी तो शिकवला, शेवटपर्यंत, गव्यासकट. सशाच्या सगळ्यात धाकट्या पिल्लाने विचारलं, "आबा, ती टोपली खरंच होती?"

"आहे की, बाळा," आबा म्हणाले. "महाराज बसतात ना, तीच."