सैल सोडा हात

कुठल्याशा बाजारगावात, कधीच्या काळी ते मात्र विचारू नका, सगुणा नावाची एक पोरगी राहायची. देवानं तिला नाक-डोळे दिले, कामाचे हात दिले, आणि आवाज द्यायची वेळ आली तेव्हा बहुतेक त्याला डुलकी लागली. मुकी नव्हती हो. घरात आईशी बोलायची. पण चार माणसांत गेली की शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथंच मुक्काम ठोकायचा. विहिरीवर बायका तिची घागर मागं सारून स्वतःची पुढं लावायच्या, आणि ही आपली उभी.

आई लोकांची दळणं दळायची. दळून दळून तिचे खांदे गेले होते. ती म्हणायची, "अगं, बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते. तुझं कसं व्हायचं?" त्यातच लांबच्या गावाहून आत्याचा निरोप आला. "पोरीला धाडून दे. गोठा सांभाळील. गुरांशी काही बोलावं लागत नाही." आत्याकडे गेलेली माणसं सणावारालाही परत येत नसत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगुणा गेली असती तर आईला जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसायला कुणी उरलं नसतं. सगुणा त्या रात्री रडली, आणि सकाळी उठून कधी नव्हे ती आपल्या पायांनी बाजारात गेली. काम मागायला. चार पैसे आणले तर आत्याकडे धाडायला नको.

बाजाराच्या तोंडाशी कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. कासारीण म्हणजे जिभेवर मिरची ठेवून जन्माला आलेली बाई. पण तिची बोटं आता आखडत चालली होती, बांगड्या भरायला कुणीतरी हवंच होतं. तिनं सगुणाचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"जत्रेपर्यंत ठेवते. बांगड्या फार वाढवल्यास तर त्याआधीच घरी. कळलं का?"

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. आणि भरताना वाढली तर ती दुकानाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्या नाही, अशी त्या पेठेची रीत. पहिल्याच दिवशी सगुणानं इतक्या वाढवल्या की पायाखाली काचांचा सडा पडला. एका बाईच्या हातातून रक्त आलं. ती कडाडली, "अगं ए, हात आहे माझा, मुसळ नाही!" सगुणाला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

दुकानदारी लांबून सोपी दिसते, बरं का. बसायचं, बांगड्या भरायच्या, घरी जायचं. बसून पाहा एकदा! मांडी मोडून येते, पाठीचा काटा ढिला होतो. एक बाई सगळ्या रंगांच्या बांगड्यांच्या हारी काढायला लावते, हातावर धरून पाहते, आणि "उद्या येते" म्हणून उठते. दुसरी म्हणते, "तो मघाचा रंग दाखव ना." मघाचा म्हणजे कुठला, ते तिलाही ठाऊक नसतं. हसून हसून गाल दुखतात. सगुणा संध्याकाळी घरी जाऊन भिंतीला टेकायची आणि भाकरी खाताखाताच तिचे डोळे मिटायचे.

कासारीण तिच्यावर खेकसायची. "तू बांगडीकडे काय बघतेस? ती कुठं पळून जाणारे? हाताकडे बघ. हात आवळलेला असेल तर तुझा बाप आला तरी बांगडी चढायची नाही. बाईला बोलतं कर. बाई बोलायला लागली की हात आपोआप सैल पडतो."

आता आली का पंचाईत! बोलायचं तेच तर येत नव्हतं. कासारीण भरताना कशी सुनेची, सासूची, माहेरची चौकशी करायची. सगुणाला काय विचारावं हेच सुचेना. एका भर दुपारी एक बाई डोईवरची पाटी उतरवून समोर बसली. उन्हानं चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले, हात लाकडासारखा ताठ. सगुणा स्वतःच भुकेनं कळवळलेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "जेवलात का?"

बाईनं मान वर केली. "कुठलं गं जेवण? पहाटे निघालेय." आणि मग ती सांगत सुटली. घरात पाच माणसं, सगळ्यांना वाढायचं, पण तिला कुणी विचारत नाही. बोलता बोलता तिचा हात सगुणाच्या हातात केव्हा सैल पडला तिचं तिलाच कळलं नाही. सगुणानं अंगठ्याचा गड्डा हलकेच आत दाबला आणि बांगड्या एकामागून एक सरसर चढल्या. एकही वाढली नाही.

तेव्हापासून सगुणाचं ठरून गेलं. आधी विचारायचं, "जेवलात का?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. ऐकायला तर तिला जन्मापासूनच येत होतं की! हळूहळू हात तिच्याशी बोलू लागले. हा हात भांडून आलाय. हा माहेरी निघालाय. हा तापानं फणफणलाय, पण सांगत नाहीये. बायका दुकानाशी येऊन म्हणू लागल्या, "ती गप्प पोरगी कुठाय? तिच्याकडूनच भरून घेणार." कासारीण तोंडावर कौतुक करत नसे, पण खेकसणं निम्म्यावर आलं. तिच्याकडून एवढंच म्हणजे पुष्कळ.

अशी जत्रा येऊन ठेपली. पाटलीणबाईंच्या घरी लग्न होतं. पाटलीणबाई आपल्या साऱ्या लेकीसुना आणि पाहुण्यारावळ्यांना घेऊन चुडे भरायला आल्या. दुकानाचं वर्ष त्या एका लगीनघरावर निघायचं. कासारणीनं सगुणाला बजावलं, "आज काही इकडचं तिकडं झालं तर तुझा तू रस्ता धर."

पाटलीणबाईंच्या आधीपासून ओट्याच्या कोपऱ्यात एक कुंभारीण बसली होती. जत्रेत मडकी विकायला नवऱ्याबरोबर आलेली, पोटुशी, नववा लागलेला. हिरव्या बांगड्या हव्या होत्या. सगुणानं आधी तिचा हात घेतला.

"जेवलात का?"

"खाववत नाही आज. पाठ भरून आलीय नुसती. भर बाई लवकर."

बोलता बोलता तो हात दगडासारखा आवळला. मग आपोआप सुटला. थोड्या वेळानं पुन्हा आवळला. कुंभारीण तोंडानं हसत होती, पण हात खोटं बोलत नव्हता. असा हात सगुणानं आजवर धरला नव्हता. ही बाई इथंच बाळंत होणार!

"काय गं, आम्ही काय उभंच राहायचं?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"सगुणे, सोड तिला. इकडे ये," कासारीण ओरडली.

सगुणाच्या डोळ्यांपुढं आत्याचा गोठा उभा राहिला. एकटी जातं ओढणारी आई दिसली. हात सोडावा आणि निमूट उठावं, कोण बोल लावणार होतं? पण हातातला हात पुन्हा आवळला, आणि आता त्यानं तिला घट्ट धरलं.

"नाही येणार!" सगुणा म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मग आणखी मोठ्यानं ओरडली, "बाजूला व्हा सगळ्या! ह्यांच्या कळा सुरू झाल्यात. वाट द्या! ह्यांच्या घरधन्याला हाक मारा, सुईणीला आणायला धाडा!"

पाटलीणबाईंची भुवई चढली. "बाळंतपणाच्या जागी आम्ही लग्नाचे चुडे भरायचे?" असं म्हणून त्या साऱ्या लवाजम्यासह पलीकडच्या दुकानाकडे चालत्या झाल्या. कासारणीनं कपाळावर हात मारला. पण आतल्या खोलीचं दार तिनंच उघडलं, आणि चुलीवर पाणीही तिनंच ठेवलं. तोंडानं शिव्या चालूच.

जत्रेच्या गर्दीतून सुईण यायला वेळ लागला. तोवर सगुणा कुंभारणीचा हात धरून बसली. दुसरं तिला काहीच येत नव्हतं. "सैल सोडा. माझ्याकडे बघा. हात सैल, खांदे सैल. मडकी घडवायला कुणी शिकवलं तुम्हाला? सांगा मला." कुंभारीण कळांमधून तुटक तुटक सांगत राहिली. सुईण आली, पदर खोचून बसली. थोड्याच वेळात पोर रडलं. मुलगी झाली.

हात धुताना सुईण म्हणाली, "घाबरून अंग आवळून बसली असती तर आज जड गेलं असतं. हिला धीर कुणी दिला?"

"हिनंच," कासारीण फणकारली. "माझं लगीनघर घालवलंन. जत्रेपर्यंत ठेवते म्हटलं होतं. संपली जत्रा."

तेवढ्यात सुईण म्हणाली, "मग मला दे. मी म्हातारी झाले. हाताखाली पोरगी हवीच होती."

"देईन बरी! सहा महिने डोकं फोडून शिकवली मी!" कासारीण उसळली. आत्ताच आपण तिला काढलं, हे ती साफ विसरली होती.

"भांडू नका," सगुणा म्हणाली. दोघी वळून पाहू लागल्या. "मला सुईणमावशींबरोबर जायचंय. हेच काम शिकायचंय मला. पण बाजारच्या दिवशी मी दुकानात येईन. तुमची बोटं चालत नाहीत, काकू. तुम्हाला एकटीला व्हायचं नाही."

विहिरीवर घागर पुढं सारता न येणारी पोरगी ती. चार माणसांत, सरळ उभी राहून बोलली. आत्याच्या गोठ्याचा विषय तिथंच मिटला.

दिवेलागणीला दुकान आवरून झालं. कासारीण जागची उठेना. "बैस," ती म्हणाली, "इतक्या जणींना भरल्यास, तुझे हात भुंडे." तिनं आखडलेल्या बोटांनी सगुणाचा हात घेतला. कुणी आपला हात असा धरायची सगुणाची ती पहिलीच खेप. दिवसभराच्या शिणानं हात नुसता ताठ. बांगडी अंगठ्याशी अडली.

कासारणीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "जेवलीस का गं?"

सगुणाला एकदम हुंदका फुटला. पोटभर रडली पोरगी. आणि रडता रडता तिचा हात सैल पडला, तशी बांगडी अलगद आत गेली.

तात्पर्य काय, तर पहिल्या चाकरीत अंग मोडून येतं, बोलणी खावी लागतात. पण मन लावून केली तर आपल्याला काय येतं आणि आपण कुठं जायचं, हे तीच आपल्याला सांगते.