सारजा कुंभारणीचा नळा

फार जुनी गोष्ट आहे. भोकरमाळ गावाला तेव्हा वेसही नव्हती, पण कुंभारआळी होती आणि त्या आळीत सारजा राहत होती. दिवसभर ती मडकी घडवी आणि दिवेलागणीला अंगणात येऊन आकाशातले ग्रह बघे. बाकीच्या चांदण्या एकमेकींची संगत सोडत नाहीत, पण पाच जण आपले फिरत असतात, हे तिला लहानपणीच उमगलं होतं. त्यांतला कोण आज कुठं आहे, ते ती ओल्या खापरीवर काडीनं टोचून ठेवी आणि खापरी भाजून घेई. तिच्या घराची एक अख्खी भिंत अशा खापऱ्यांची होती, असं म्हणतात.

लोकांनी मात्र तिला भंडावून सोडलं होतं. कुणी विचारी, सुनेला मूल कधी होईल. राणबा धनगर तर रोज येऊन विचारी, हरवलेली शेळी कुठं आहे. सारजा कपाळाला हात लावी. "अरे बाबांनो, मी त्यांना बघते. ते मला काही सांगत नाहीत." लोक म्हणत, सांगायचं नाही म्हणून असं बोलते. दुसऱ्या दिवशी राणबा पुन्हा दारात हजर.

सारजाच्या भावाची पोरकी मुलगी मंजुळा तिच्याकडेच वाढली होती. तिचं लग्न गडावरच्या एका शिपायाशी ठरलं. महिन्याभरात त्याला गडावर परतायचं होतं, आणि मग तीन वर्षं खाली उतरता येणार नव्हतं. नेमका तेव्हाच संध्याकाळचा शुक्र मावळतीला बुडाला. शुक्राचा अस्त असताना लग्नं लावत नाहीत. गावचे नरहर जोशी म्हणाले, "आता दोन महिने मुहूर्त नाही." मुलाकडची माणसं म्हणाली, मग आम्ही दुसरीकडं बघतो. मंजुळा चुलीपुढं बसून राहिली. काही केल्या जेवेना.

सारजा जोश्यांकडे गेली. "गुरुजी, शुक्र उगवतीला बुडाला तर दोन महिने लागतात. हा मावळतीला बुडालाय. आठ-दहा दिवसांत पहाटे उगवतीला दिसेल."

"पोथीत दोन महिने लिहिलंय."

"पोथीत दोन्ही लिहिलेलं असणार. तुम्ही भलतीच ओळ वाचताय."

"सारजे, तू मडकी कर," जोशी म्हणाले.

दहाव्या दिवशी पहाटे शुक्र उगवला. सारजानं दारोदार हाका मारल्या, पण कुणी उठलंच नाही. दुसऱ्या दिवशी चौघं आली, तर धुकं. तिसऱ्या दिवशी खुद्द जोशी आले, पण संध्या आटोपून, गंध लावून येईपर्यंत ऊन पडलं होतं. "कुठाय?" त्यांनी विचारलं. सारजा म्हणाली, "तुम्हाला पहाटे उठवत नाही ना? मग मी त्यालाच दुपारपर्यंत थांबवते."

तिनं हातभर लांब मातीचा नळा घडवला, आतून काजळी फासली आणि भाजून काढला. शिपायाला परतायला पाच दिवस उरले होते, त्या पहाटे तिनं चावडीसमोर दगडांवर नळा टेकवून त्यातून शुक्र धरला. शुक्र वर सरके तसतसा ती नळाही केसभर सरकवी. सूर्य उगवला, बाकी आकाश पुसलं गेलं, तरी तिनं डोळा काढला नाही. तेवढा वेळ तिची पापणी लवली नाही, असं म्हणतात.

भरदुपारी जोशी आले, मागोमाग सगळं गाव आलं. जोशी नळ्याला डोळा लावणार, तोच गर्दीतून राणबा पुढं घुसला. "आधी माझ्या शेळीचं बघ की." त्याचा पाय दगडाला लागला आणि नळा पडून फुटला.

सारजानं जोश्यांची हनुवटी धरली, त्यांचं तोंड वर केलं आणि नुसतं बोट दाखवलं. त्या बोटाच्या टोकाशी, निळ्या आभाळात, पांढराशुभ्र शुक्र होता. जोश्यांना दिसला. मंजुळेला दिसला. सगळ्या गावाला दिसला. गुरांनीही माना वर केल्या आणि शेवटच्या माणसाला दिसेपर्यंत सूर्यानं आपलं ऊन आवरून धरलं, असं म्हणतात.

"ओळ चुकली," जोशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मंगलाष्टकं म्हटली.

सारजाचा ताप मात्र वाढला. आता पंचक्रोशीतली माणसं शेळ्या विचारायला येऊ लागली. एके दिवशी ती खापऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन टेकडीवर चढली, ती पुन्हा उतरली नाही. कुणी म्हणतं, ती वरच्या वर निघून गेली. कुणी म्हणतं, टेकडीच्या पलीकडच्या गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून ती तिथं सुखानं राहिली.

भोकरमाळला अजूनही लग्नाच्या दिवशी नवरानवरीला अंगणात आणून त्यांच्या हाती कुंभारआळीतला नळा देतात. शुक्र असो नसो, ढग असोत, दोघांनी आळीपाळीनं वर बघायचं. मग तो नळा नवरीबरोबर सासरी जातो. वाटेत पुष्कळदा फुटतो. त्याला कुणी अपशकुन मानत नाही. दुसरा धाडून देतात.