एक फेटा, तीन रंग

"हा फेटा अंजिरी आहे?" शिरसोंडीचे महाराज कडाडले. "डोळे फुटलेत का तुझे, सगुणा?"

सगुणा रंगारीण बघतच राहिली. समोर दसऱ्याचे तीन मोठे फोटो. तिन्हींत महाराज तेच, मिशा त्याच, तिनं रंगवलेला फेटाही तोच. पण एका फोटोत फेटा वांग्यासारखा जांभळा, दुसऱ्यात विटकरी आणि तिसऱ्यात चक्क गुलाबी!

खरं तर फोटो एकदाच काढला होता. कॅमेऱ्यातली ती कच्ची फाइल घेऊन महाराजांचे जावई, मेहुणे आणि भाचे आपापल्या कॉम्प्युटरवर बसले. तिघांची सॉफ्टवेअरं वेगळी, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर कच्च्या फायलीला आपल्या मर्जीनं रंग चढवतं. आता जावयाला चूक म्हणायची कुणाची छाती? मेहुण्यांना म्हणावं, तर राणीसाहेब रुसणार! उरली कोण? रंगारीण! फेटा शेजारच्या कपाटात होता, पण तो काढून बघायचं कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ. एवढी हुशार माणसं, ती कशाला फेटा बघतील!

"हिचा रंगच बनावट! माझं सॉफ्टवेअर चुकत नाही," जावईबापू म्हणाले.

"माझं तर मुळीच नाही!" मेहुणे म्हणाले. "रंग बनावटच!" भाच्यांनीही री ओढली.

"सगुणा, उद्या दुपारी बारापर्यंत असा फेटा आण, जो या तिन्ही फोटोंशी जुळेल," महाराजांनी फर्मावलं. "नाही जुळला, तर तुझ्या भट्टीला कुलूप!"

भट्टी बंद म्हणजे चूल बंद. सगुणा कपाटाकडे बघत म्हणाली, "मापाला जुना फेटा नेऊ का, सरकार?"

"ने!"

दुसऱ्या दिवशी ती बाराला हजर. "महाराज, दसऱ्याला याच वेळी, याच खिडकीपाशी फोटो काढला होता ना? तसाच काढा. रंग जुळला की नाही ते हे तिघे आपापल्या कॉम्प्युटरवर बघतील. माझ्या डोळ्यांचं काय, ते तर फुटलेत!"

तिनं फेटा बांधला. महाराजांचं सगळं लक्ष मिशांना पीळ देण्यात. फोटो निघाला, तिघांनी उघडला.

"जुळला! अगदी वांगी!" जावईबापू ओरडले.

"विटकरी! आता कुठे बाईला रंग कळला!" मेहुणे म्हणाले.

"छे, गुलाबी! मी म्हणतच होतो!" भाचे म्हणाले.

महाराज चक्रावले. "अगं, एक फेटा तिघांशी जुळला? रंग तरी कोणता घातलास?"

"कुठलाच नाही, सरकार! पाण्याचा थेंबसुद्धा लावला नाही. हा कालचाच फेटा. काल या तिघांनी त्याला बनावट म्हटलं, आज तिघांनी पास केला. आता तेवढा डोक्यावरून उतरवा आणि तुम्हीही एकदा बघा की!"

महाराजांनी फेटा उतरवला, खिडकीत धरला. अस्सल अंजिरी! त्यांनी तिघांकडे पाहिलं. तिघांच्या माना खाली. आणि महाराज असे खदखदून हसले, की मिशांचा पीळच सुटला!

"तीन-तीन कॉम्प्युटर, आणि फेटा बघायला एक माणूस नाही! सगुणा, राजवाड्याचे सगळे फेटे यापुढे तूच रंगवायचे. आणि जावईबापू, फोटो भिंतीवर लावायच्या आधी हिच्या भट्टीवर घेऊन जायचा. ही हो म्हणाली, तरच खिळा ठोकायचा!"