मडकेभर मधाचे मोल

पुष्कळ जुन्या काळी, रानातून राजधानीला जायला एकच पायवाट होती तेव्हा, एका कड्याखाली मध काढणाऱ्यांची वाडी होती.

वाडीचा एक रिवाज होता. मध हे माश्यांचे देणे, म्हणून त्याचा भाव आपण सांगायचा नाही. घेणारा देईल ते घ्यायचे. घेणारे भले होते तोवर हे निभले. मग एक व्यापारी आला. तो मडकेभर मधाला पसाभर धान्य टाकी आणि हसून म्हणे, "तुम्ही भाव सांगत नाही, मग मी तरी काय करू?"

धान्य पुरेना. जास्त मधासाठी लोक माश्यांच्या पिल्लांसकट अख्खी पोळी उतरवू लागले. माश्या रान सोडून गेल्या. शेवटी कड्यावर एकच पोळे उरले.

"आये, आज तेही काढतो. सगळंच," म्हाताऱ्या कोंडाईचा मुलगा धाकू दोर उचलत म्हणाला.

"आणि पुढच्या साली काय खाशील? दोर?"

"पुढचं साल उपाशी पोटाला दिसत नाही, आये."

तो निघाला, तोच पायवाटेने माणसे आली! राजधानीतल्या घरांनी मिळून एक मंडळ काढले होते. कुणाचे पोट मारून आलेला माल आपल्या घरात नको, असे त्यांनी ठरवले होते. त्यांच्या पुढारी बाईंनी विचारले, "मावशी, मधाचा भाव काय?"

कोंडाई गप्प. सारी वाडी गप्प. मध न्यायला आलेला व्यापारी खो-खो हसला. "अहो, यांच्या तोंडाला कुलूप आहे. पसाभर टाका नि उचला!"

बाई तिथेच मातीत बसल्या. "भाव राहू दे. एक मडकं भरायला काय काय करावं लागतं, ते सांगायला मनाई आहे का?"

कोंडाईचे डोळे चमकले. "नाही! ती कुठाय?"

मग काय, जो तो बोलू लागला! वेलींचा दोर वळणे, ओल्या पाल्याचा धूर, कड्यावरचे लोंबकळणे, तोवर घरची चूल.

"आणि पिल्लांचा भाग राखला, तर मडकं अर्धंच भरतं," धाकू ओरडला. "तेही धरा!"

"ते तर आधी धरलं!" बाई म्हणाल्या. "या सगळ्याचं मोल देऊ. निम्मं धान्य आजच घ्या. मात्र एकेकट्यानं विकू नका, वाडीनं मिळून विका."

"बुडाल!" व्यापारी म्हणाला.

"एवढं मोल द्यायला आमची घरं तयार आहेत, विचारूनच आलोय," बाई हसल्या.

धाकू धावतच कड्यावर चढला. त्याने फक्त मधाचा भाग कापला आणि पिल्लांना हात लावला नाही. माश्या घोंगावल्या, फिरल्या आणि पुन्हा पोळ्यावर बसल्या. खाली वाडीने एकच जल्लोष केला!

पुढे त्या एका पोळ्याची अनेक पोळी झाली. वाडीच्या कणग्या धान्याने भरल्या. रान सोडून कुणाला जावे लागले नाही.

बोध: कष्ट विचारून मोल देणारे गिऱ्हाईक भेटले, की गरिबाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.