टिटवीची राहून गेलेली हाक

माळावर अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठची जागा कुणाची, हे ससे आणि साळिंदरं चेंडू खेळून ठरवणार होती. चेंडू टोलवायचा, मैदानात रोवलेले तिन्ही खुंट शिवायचे आणि परत घराच्या रेघेवर पोचायचं.

पंच दोघंच. बगळा घराच्या रेघेवर, टिटवी मैदानात. चेंडू लांब गेला की टिटवीने "मी निघाले!" असं ओरडून त्याच्यामागे जायचं आणि बगळ्याने आत येऊन खुंटांवर नजर ठेवायची, असं ठरलेलं.

शेवटच्या डावात चेंडू बाभळीत गेला. टिटवी धावली, पण ओरडली नाही. बगळ्याला दिसेलच की, असं तिला वाटलं. बगळाही चेंडूकडेच बघत राहिला. तेवढ्यात ससा तिन्ही खुंट शिवून घरी आला.

"मधला शिवलाच नाही!" साळिंदरं ओरडली.

"बगळेदादा, तुम्ही पाहिलंत ना?" सशाने विचारलं.

बगळ्याने टिटवीकडे पाहिलं, टिटवीने बगळ्याकडे. पाहिलं नाही म्हणायची बगळ्याला लाज वाटली.

"बाद," तो म्हणाला. टिटवी गप्प राहिली.

संध्याकाळी ससे पिल्लं घेऊन कोरड्या माळाकडे निघून गेले.

तेव्हापासून साधा पाचोळा हलला तरी टिटवी ओरडत सुटते. ऐकायला तळ्याकाठी एकही ससा नाही.