तांबूच्या पेटीचं ओलं गोणपाट

एक होती गोगलगाय. हरभऱ्याएवढी. नाव तिचं शंखी.

शंखी राहायची काचेच्या पेटीत. पेटीत पाणी. पाण्यात तांबू मासा. लाल लाल, गुबगुबीत. तांबू पोहायचा. शंखी काच चाटायची. दोघांचं बरं चाललं होतं.

पेटी होती गंगूमामीच्या घरात. दिवस वैशाखाचे. ऊन असं, की भिंतीला हात लावला तर हात पोळावा! मग मामी रोज काय करायची? गोणपाट भिजवायची. पिळायची. पेटीभोवती गुंडाळायची. गोणपाट ओलं, पेटी गार. पेटी गार, तांबू खूश.

एका दुपारी काय झालं? खस्स! गोणपाट खाली. कुणी ओढलं? ढमी मांजरीनं! ओढलं, अंगाखाली घेतलं नि वर पसरली. लाज ना शरम.

पाणी तापलं. तांबू वर आला. तोंड उघडलं. आ... आ... आ...

"शंखे, मला श्वास पुरेना गं!"

शंखी म्हणाली, "धीर सोडायचा नाही. मी आणते गोणपाट."

लोक म्हणतात, गोगलगाय नि पोटात पाय. म्हणेनात का! पोटात तर पोटात, पाय आहेत ना? मग चालायचं!

शंखी काच चढली. काच उतरली. सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. आली ढमीपाशी.

"ढमे ढमे, सरक! गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

ढमीनं मिशी हलवली. "अय्या, हरभरा बोलतोय!"

"हरभरा नाही, शंखी. सरक!"

"मी नाही सरकत ज्जा! पंख्याला सांग. पंखा इकडे वळला, की सरकीन."

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. शंखी आली पंख्यापाशी.

"पंख्या पंख्या, वळ! ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

"घर्र घर्र! मी नाही वळत ज्जा! मामानं माझी मान आवळलीय. सगळा वारा एकट्याला. मामाला सांग. मामा हलला, की वळीन."

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. शंखी आली मामापाशी. दौलतमामा चटईवर आडवा. घुर्रर्र... फुस्स! घुर्रर्र... फुस्स!

"मामा मामा, हल! पंखा वळेना. ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

मामानं एक डोळा उघडला. एकच. "कोण गं? माशी का?"

"माशी नाही, शंखी. हल!"

"मी नाही हलत ज्जा! घसा सुकलाय माझा. मामीला सांग. मामीनं उठून पन्हं दिलं, की हलीन."

डोळा मिटला. घुर्रर्र... फुस्स!

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. शंखी आली अंगणात. अंगणात वाळत होत्या कुरडया. पांढऱ्या पांढऱ्या, कुरकुरीत. शेजारी मामी बसलेली. डोक्यावर पदर, हातात काठी.

"मामी मामी, ऊठ! मामा हलेना. पंखा वळेना. ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

"अगं बया! गोणपाट तर मी सकाळीच गुंडाळलं होतं!"

"ढमीनं ओढलं."

"ढमे, थांब, बघतेच तुला! पण शंखे, मी उठू कशी? तो बघ भिंतीवर कावळा. मी उठले, की वर्षाच्या कुरडया त्याच्या पोटात! कावळ्याला सांग. कावळा गेला, की उठीन."

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. शंखी भिंत चढली. आली कावळ्यापाशी. चोच केवढी! शंखी केवढी!

"कावळ्या कावळ्या, जा! मामी उठेना. मामा हलेना. पंखा वळेना. ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

"काव! मी नाही जात ज्जा! जाऊ कुठे? सगळीकडे ऊनच ऊन. शेवग्याला सांग. शेवग्यानं सावली दिली, की जाईन. फार बोललीस तर तुलाच खाईन!"

शंखीनं शिंगं ताठ केली. "खा हवं तर. पण आधी जा!"

कावळा मागेच सरकला. "बाप रे! एवढीशी ही, नि तोंड केवढं!"

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. शंखी आली शेवग्यापाशी. शेवग्याची पानं मिटलेली. फांद्या लोंबलेल्या.

"शेवग्या शेवग्या, सावली दे! कावळा जाईना. मामी उठेना. मामा हलेना. पंखा वळेना. ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

"मी नाही देत ज्जा! मुळं सुकली माझी. मला पाणी हवं. साधं नको. माशांचं जुनं पाणी हवं. हिरवं हिरवं, वासाचं! मामी पेटीतून थोडं काढते नि मला घालते. आज कुरडयांच्या नादात विसरली. बादली तशीच भरलेली. बादलीला सांग. बादलीनं ओतलं, की देईन."

बादली कुठे? अंगणाच्या पार त्या टोकाला.

सुळ्ळ... सुळ्ळ...

माती तापलेली. शंखीचं पोट भाजलं. शिंगं सुकली.

सुळ्... सुळ्...

शंखी थांबली.

आता? तिकडे तांबू एकटा. आ... आ... आ...

"नाही! थांबायचं नाही!"

सुळ्... सुळ्... सुळ्... पोचली! बादलीला चिकटली. आवाज एवढुसा, पण बोललीच.

"बादले बादले, ओत! शेवगा देईना. कावळा जाईना. मामी उठेना. मामा हलेना. पंखा वळेना. ढमी सरकेना. गोणपाट मिळेना. पाणी निवेना. तांबू माझा आ आ करतो."

बादली म्हणाली, "मी..."

काय म्हणाली असेल? सांगा बरं! नाही ओतत ज्जा?

छे! बादली म्हणाली, "मी ओतते!"

"अगं, तू नाही म्हणत नाहीस?"

"का म्हणू? हे पाणी कुणाच्या घरचं? तुझ्या नि तांबूच्या. तुमचंच पाणी, नि तुम्हालाच नाही म्हणू? सरक बाजूला!"

बादली डुलली. बादली कलली. भळ्ळ भळ्ळ भळ्ळ!

आधी शंखी भिजली. शिंगं टवटवीत! मग पाणी धावलं शेवग्याकडे.

शेवगा प्याला. पानं उघडली. सळसळ! शेवग्यानं सावली दिली.

सावली आली, कावळा गेला. फडफड!

कावळा गेला, मामी उठली. माठातलं पाणी घेतलं, पन्हं केलं. मामाच्या हातात पेला आदळला. "घ्या, प्या, नि हला! तिकडे मासा कासावीस, नि तुम्ही खुशाल घोरताय!"

मामा प्याला. गटगट गटगट! मामा हलला. पंख्याची मान वळवली. कर्र कर्र!

पंखा वळला. घर्र घर्र! थोडा वारा जमिनीवर, थोडा पेटीवर.

वारा आला, ढमी सरकली. वाऱ्यात जाऊन लोळली. म्याँव!

नि गोणपाट? मोकळं!

मामीनं गोणपाट उचललं. ढमीचे केस झटकले. भिजवलं. पिळलं. पेटीभोवती गुंडाळलं.

मामा म्हणाला, "बर्फाचा गोळा टाकू का आत? झटकन निवेल."

"खबरदार! बर्फानं गारठेल तो. हळूहळूच निवू दे."

मग मामी अंगणात गेली. शंखीला अलगद चिमटीत धरलं. "एवढीशी पोर, नि सगळं घर उठवलंस गं!"

नि सोडलं पेटीत. बुडुक!

मग सगळे बघत बसले. मामी बघते. मामा बघतो. ढमीसुद्धा बघते, लांबून.

गोणपाट ओलं. वारा सुरू. पाणी निवलं. हळू... हळू...

आ... आ...

आ...

तांबूनं तोंड मिटलं! शेपूट हलवली. सुर्रकन खाली गेला. शंखीभोवती एक चक्कर. आणखी एक चक्कर.

"शंखे शंखे, गार झालं गं!"

"झालं ना? मग खेळ जा. मला काच चाटायचीय. केवढं काम पडलंय!"

पाणी झालं गार, गोष्ट झाली पार. मिटा डोळे गुपचूप, नाहीतर ढमी येईल तुमची चादर ओढायला. खस्स!