रापणीतली येसूवाट

आमच्या सुरंगवाडीत किनाऱ्यावरून ओढायच्या प्रत्येक मोठ्या जाळ्यात, म्हणजे रापणीत, मधोमध लाल दोऱ्याचा एक उभा पट्टा असतो. त्याला येसूवाट म्हणतात. लग्नाला पंधरा दिवस झाले तेव्हा माझ्या आजेसासूबाईंनी, बायआजींनी, तो मला आणि पुण्याच्या पाहुण्यांना दाखवला. पाहुणे फोटो काढण्यात गुंतले, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

फार जुनी गोष्ट म्हणे. साऱ्या गावाने विणलेली नवी रापण पहिल्यांदाच पाण्यात पडली होती. दोर जड लागले. पुरुष खूश झाले, आणि समोर फवारा उडाला. जाळ्यात देवमाशाचं पिल्लू गुरफटलं होतं. आई बाहेरून धडका देत होती.

"रापण फोडतली! ओढा रे!" रापणीचा म्होरक्या, तांडेल, ओरडला.

येसू ही गावातली सर्वांत नवी सून. तिच्याशी अजून कुणी फारसं बोलत नसे, त्यामुळे बघायला तिला भरपूर वेळ होता. तिला दिसलं, त्या धडका नव्हत्याच. आई पिल्लाला खालून उचलत होती, श्वासापुरतं वर. दर वेळी थोडं उशिरा, थोडं कमी.

"ती पोराक श्वास देता," येसू म्हणाली. "जाळा कापा."

"आणि आमच्या पोरांका कोण जेवूक घालतला? तू?" तांडेलाने विचारलं.

"होय," ती म्हणाली, आणि कोयता घेऊन छातीभर पाण्यात शिरली.

पिल्लू सुटलं. रापण वरपासून खालपर्यंत उसवली.

फाडलंस, आता तूच वीण, असं गावाने सुनावलं. येसू ओहोटीला खडकांवरची कालवं काढी, दारोदार ठेवी आणि उरलेला दिवस विणत बसे. तिच्या बोटांच्या रक्ताने दोरा लाल झाला, असं सांगतात. "देवमाशीणही तशीच गो," बायआजी म्हणाल्या. "कुठच्या कुठून हय येता, बाळंत होता. आपण उपाशी, पोराक दह्यासारखा घट्ट दूध." नवव्या दिवशी तांडेल येऊन फाटलेल्या भागाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि विणू लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा फवारे दिसले, एक मोठा, एक लहान. तेव्हा दोर खाली ठेवायला त्यानेच सांगितलं म्हणे.

आजही मायलेकरं पुढे जाईपर्यंत इथे कुणी दोराला हात लावत नाही. आजही नवी रापण पाण्यात जाण्याआधी गावातली सर्वांत नवी सून तिला काप देते आणि तो लाल दोऱ्याने स्वतः विणते.

वाळूत यंदाची नवी रापण पसरली होती. बायआजींनी कोयता माझ्यापुढे धरला. "जमतला मा गो?"

या घरात माझा आवाज अजून कुणी नीट ऐकला नव्हता.

"होय," मी म्हटलं.